परमुलखात काय पाहिलं?

आष्टी तालुक्यातल्या कड्याहून मी बोलतेय. गटांच्या बैठकांना जायचं, वह्या तपासायच्या, बँकेच्या कामाला तुमच्यासोबत यायचं, हे माझं रोजचं काम. आज मात्र हप्ता, व्याज, परतफेड यांतलं काही बोलणार नाही. आजचा विषय आहे परमुलूख. आपलं गाव सोडून दुसऱ्याच्या मुलखात राहायला गेलेल्या माणसाला तिथला राज्यकारभार कसा दिसतो, तिथलं रोजचं जगणं कसं दिसतं, आणि त्यानं जे पाहिलं त्याचा मागे राहिलेल्यांना काय उपयोग, हे आज बघू.

विषय अमेरिकेतल्या श्रीमंत लोकांचा वाटेल. पण आपल्या भागात तो घरोघरी आहे. दिवाळीच्या मागंपुढं टोळ्या निघतात. कोणी सांगली-कोल्हापूरला, कोणी सोलापूरकडं, कोणी थेट कर्नाटकात. पट्टा पडला की उन्हाळ्यात परत येतात. आल्यावर विचारायचा प्रश्न ठरलेला असतो. "उचल फिटली का? किती उरलं?" पाच-सहा महिने दुसऱ्या मुलखात कोपी घालून राहून आलेल्या बाईला "तिकडं काय पाहिलंस?" असं सहसा कोणी विचारत नाही. तो प्रश्न विचारायला हवा. का विचारायचा, ते सांगण्यासाठी आधी एका जुन्या बाईंची गोष्ट सांगते.

पंडिता रमाबाईंचं नाव तुम्ही शाळेच्या पुस्तकात वाचलं असेल. जन्म १८५८ चा. दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. पुढे भाऊही गेला. लग्न झालं आणि दोन वर्षांच्या आत नवराही गेला. पदरात लहान मुलगी, मनोरमा. अशा परिस्थितीत त्यांनी 'स्त्रीधर्मनीति' नावाचं पुस्तक लिहिलं, ते विकून आलेल्या पैशांतून बोटीचं भाडं भरलं आणि १८८३ मध्ये मुलीला घेऊन इंग्लंडला शिकायला गेल्या. तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यावरून इकडे मोठं वादळ उठलं. १८८६ च्या मार्च महिन्यात आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि पुढे अडीच वर्षांहून जास्त काळ तिथेच राहिल्या. देशभर हिंडल्या, भाषणं केली, बालवाडीचं शिक्षण घेतलं.

मायदेशी परतल्यावर १८८९ मध्ये त्यांनी मराठीत एक पुस्तक छापलं: 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त'. त्यात नुसतं बोट, बर्फ आणि उंच घरं नाहीत. त्या देशाचा कारभार कसा चालतो, घरातलं राहणीमान कसं आहे, शिक्षण, धर्मादाय संस्था आणि बायकांची स्थिती, यावर वेगवेगळी प्रकरणं आहेत. तो काळ बघा. आपल्याकडे तेव्हा राणी व्हिक्टोरियाचं राज्य. मत द्यायचं असतं हेच इथल्या बहुतेकांना ठाऊक नव्हतं. अशा वेळी एक मराठी बाई आपल्या लोकांना समजावून सांगत होती की एका देशात राजाच नाही, लोक आपला राष्ट्राध्यक्ष निवडतात, प्रत्येक राज्याचं आपापलं सरकार असतं.

रमाबाई पाहुण्या म्हणून राहिल्या, पण दिपून गेल्या नाहीत. साडी सोडली नाही, शाकाहारी जेवण सोडलं नाही. जे चांगलं दिसलं त्याला चांगलं म्हणाल्या. मुली कॉलेजात जातात, बायका दवाखाने चालवतात, वर्तमानपत्रं काढतात, हे त्यांनी भरभरून लिहिलं. आणि जे वाईट दिसलं तेही झाकलं नाही. अमेरिकेत काळ्या लोकांची गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्यानं संपली होती. तिथल्या ज्या लोकांनी ती संपवण्यासाठी जीव लावला, त्यांना आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केलं होतं. पण रमाबाई तिथे पोचल्या तेव्हा कायदा बदलून वीस वर्षं झाली तरी काळ्या माणसाला मिळणारी वागणूक बदलली नव्हती. तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमिनी गेल्या होत्या. रमाबाईंनी हा अन्याय लिहून ठेवला. ज्यांच्या घरी जेवल्या, ज्यांच्याकडून मदत घेतली, त्यांच्या देशाचा दोषही त्यांनी सांगितला.

बायकांच्या मताचंही तसंच. सगळ्या जगाला लोकशाही शिकवणाऱ्या त्या देशात तेव्हा बायकांना मत नव्हतं. फक्त वायोमिंगसारख्या एखाद्या भागात ते होतं. तिथे १८६९ मध्येच मिळालं होतं. देशभरातल्या बायकांना ते मिळायला १९२० साल उजाडावं लागलं. हातात मत नसताना बायकांनी काय केलं, हे रमाबाईंनी नीट पाहिलं. बायकांनी संघटना बांधल्या. दारूविरुद्धची त्यांची मोठी संघटना १८७४ मध्ये उभी राहिली होती. तिची सुरुवात कशी झाली, तर बायका जमून गुत्त्यांसमोर जाऊन बसल्या, प्रार्थना म्हणू लागल्या, उठायला तयार होईनात. फ्रान्सिस विलार्ड या बाई पुढे तिच्या अध्यक्ष झाल्या, आणि रमाबाईंनी त्यांच्याबरोबर काम केलं.

हे ऐकताना तुम्हाला आपली आडवी बाटली आठवली असेल. महाराष्ट्रात गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली, तर दारूच्या परवान्याच्या दुकानासाठी मतदान घेता येतं, आणि निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद होतं. अमेरिकेतल्या त्या बायकांकडे मत नव्हतं म्हणून त्या रस्त्यावर बसल्या. आपल्याकडे मत आहे, ते वापरायला मात्र एकत्र यावं लागतं.

आता पैशाची गोष्ट. रमाबाईंना इकडे विधवा मुलींसाठी शाळा काढायची होती. त्यासाठी १८८७ च्या डिसेंबरात बोस्टन शहरात रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. गावोगावी तिची मंडळं निघाली. मंडळातल्या प्रत्येकानं दहा वर्षं दर वर्षी एक डॉलर द्यायचा, असं ठरलं. एकदम मोठी रक्कम कोणाकडूनच नाही. थोडं, पण नेमानं आणि सगळ्यांकडून. आपण महिन्याला शंभर-दोनशे रुपये गटात टाकतो तेव्हा हेच करतो. फरक इतकाच की त्या बायकांनी ज्यांना कधी पाहिलं नव्हतं अशा मुलींसाठी टाकले. त्या पैशांवर १८८९ च्या ११ मार्चला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढे ते पुण्याला गेलं. नंतर दौंड तालुक्यातल्या केडगावला त्यांचं मोठं काम उभं राहिलं. दुष्काळात उघड्यावर पडलेल्या शेकडो मुली तिथे आल्या, शिकल्या, छापखाना चालवायलाही शिकल्या. १८८९ च्या डिसेंबरात मुंबईला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तिथे ज्या मोजक्या बायका प्रतिनिधी म्हणून बसल्या त्यांत रमाबाई होत्या. परमुलखात जे पाहिलं ते त्यांनी नुसतं आठवणीत ठेवलं नाही, तर इथल्या कामाला लावलं.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. रमाबाई पाहू शकत होत्या, लिहू शकत होत्या, तरी त्या देशाच्या कारभारात त्यांना शब्द नव्हता, कारण त्या तिथल्या नागरिक नव्हत्या. राहणं वेगळं आणि कारभारात वाटा असणं वेगळं. परक्या मुलखात गेलेल्या प्रत्येकाला हा फरक सोसावा लागतो.

मराठी बोलणाऱ्यांतलंच एक उदाहरण घ्या. कोकणात ज्यू लोक शेकडो वर्षं राहत होते. तेलाचा धंदा करायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. स्वतःला ते बेने इस्रायल म्हणतात. १९४८ मध्ये इस्रायल देश झाला आणि त्यांतले पुष्कळ जण तिकडे गेले. तिथल्या कायद्यानं ज्यू माणसाला नागरिकत्व लगेच मिळतं, म्हणून मताचा अधिकारही मिळाला. पण रोजच्या जगण्यात काही वेगळंच निघालं. काहींना भेदभाव सोसवेना, म्हणून १९५१-५२ मध्ये त्यांनी धरणं धरलं, "आम्हाला परत भारतात पाठवा" म्हणाले, आणि परत आलेही. पुढे १९६२ मध्ये तिथल्या धर्मगुरूंनी त्यांच्या लग्नांवर शंका घेतली. आधी तुमचे पूर्वज तपासू, मग लग्न लावू, असं सुरू झालं. कागदावर नागरिक, पण पोरीचं लग्न ठरलं की परके. तेव्हा हे मराठी लोक जेरुसलेममध्ये आंदोलनाला बसले. शेवटी १९६४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेला ठराव करावा लागला की बेने इस्रायल हे सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत. त्या देशात राहूनही त्यांनी मराठी सोडली नाही. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक तिथून निघत आलं आहे. कागद मिळाला म्हणजे मान मिळतोच असं नाही. पण कागद हातात असला की मानासाठी भांडायला पाय रोवता येतात, हे त्यांच्या गोष्टीतून दिसतं.

आजही देशोदेशी नियम निराळे आहेत. आखाती देशांत कामाला गेलेला माणूस वीस वर्षं राबला तरी सहसा तिथला नागरिक होत नाही. मालकाचं काम संपलं की परत यायचं. अमेरिकेत कायमच्या राहण्याचं ग्रीन कार्ड मिळालं तरी राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत देता येत नाही. साधारण पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, आणि ते मिळाल्यावर मत. आणि १९४६ पर्यंत तर भारतीय माणसाला तिथलं नागरिकत्व सहसा घेता येत नव्हतं. आज बेळगाव जिल्ह्यात जन्मलेले श्री ठाणेदार २०२२ च्या निवडणुकीपासून तिथल्या संसदेत निवडून गेले आहेत. ब्रिटनमध्ये रीतसर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला तिथल्या संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं, कारण भारत राष्ट्रकुलात आहे. आयर्लंडमध्ये तर गावपातळीच्या निवडणुकीत तिथे राहणाऱ्या कोणत्याही देशाच्या माणसाला मत आहे. त्याच आयर्लंडचे २०१७ मध्ये पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे डॉक्टर.

बाहेर स्थायिक झालेल्यांची इकडची बाजूही समजून घ्या. भारताचा नागरिक एकाच वेळी दुसऱ्या देशाचा नागरिक राहू शकत नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलं की इकडचं संपतं. मग ओसीआय कार्ड मिळतं. त्यावर येता-जाता येतं, राहता येतं, पण मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. जे भारतीय नागरिकच राहिले आहेत, म्हणजे पासपोर्ट भारताचा आणि नोकरी बाहेरची, त्यांना २०१० च्या कायद्यातल्या बदलामुळे आपल्या गावच्या यादीत नाव घालता येतं. पण मतदानाच्या दिवशी पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर यावं लागतं.

आता हे वाक्य पुन्हा ऐका. नाव यादीत आहे, पण मत द्यायला स्वतः यावं लागतं. दुबईतल्या नर्सची जी अडचण आहे, तीच कोल्हापूरच्या फडातल्या आपल्या बाईची आहे. २०२४ ची विधानसभा आठवा. मतदान २० नोव्हेंबरला होतं आणि गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला. टोळ्या निघून गेल्यावर मतदान आलं. टपालानं मत द्यायची सोय निवडणुकीच्या कामावरच्या लोकांना, सैनिकांना, पंचाऐंशी वर्षांवरच्या वृद्धांना आणि दिव्यांगांना आहे. ऊस तोडणाऱ्यांना नाही. आहे त्या गावाहून मत देता यावं म्हणून निवडणूक आयोगानं २०२३ च्या जानेवारीत एक यंत्र राजकीय पक्षांपुढे मांडलं होतं, पण ते अजून वापरात आलेलं नाही.

तरी दोन गोष्टी पक्क्या माहीत असू द्या. पहिली, पोटासाठी काही महिने बाहेर गेलं म्हणून गावातलं राहणं संपत नाही. कायद्यानं तो तात्पुरता बाहेर गेलेला माणूस. तेवढ्या कारणानं यादीतून नाव काढता येत नाही. निघायच्या आधी यादी बघून घ्या. दुसरी गोष्ट लग्न होऊन आलेल्या सुनांसाठी. माहेरच्या यादीत नाव असेल तर फॉर्म ८ भरून ते सासरी आणा. नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं. बघा, सासर हाही परमुलूखच. तिथे राबणं पहिल्या दिवसापासून सुरू होतं, पण कारभारातला शब्द कागद हलवल्याशिवाय येत नाही.

रोजच्या जगण्याचेही कागद असेच आहेत. रेशन कार्डावरचं धान्य आता दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यातही घेता येतं. आधार जोडलेलं हवं आणि अंगठा उमटायला हवा. पोरांसाठी शाळेतून शिक्षण हमी पत्रक घेऊन निघा, म्हणजे तिकडच्या शाळेत बसवता येतं. पोरं गावात ठेवायची असतील तर हंगामी वसतिगृहाचं मुख्याध्यापकांना आधीच विचारा. पोटुशी बाई किंवा लहान लेकरू असेल तर अंगणवाडीत बाहेर जाण्याची नोंद करा.

आता माझी मागणी ऐका. टोळ्या परत आल्यावर गटाच्या पहिल्या बैठकीत अर्धा तास परतलेल्या बायांसाठी ठेवा. उचलीचा हिशेब घरी होईल. बैठकीत हे विचारा. जिथे राहिलात तिथे पाणी कुठून मिळायचं, किती लांबून? रेशन मिळालं का, दुकानदार काय म्हणाला? पोरं शाळेत बसली का? दवाखान्यात नेलं तेव्हा नर्स कशी बोलली? आंघोळीला आडोसा होता का? खाड्याचे पैसे किती कापले, आजारी असतानाही कापले का? त्या गावच्या ग्रामपंचायतीत बाई सरपंच होती का, आणि कारभार तीच बघायची की दुसरा कोणी? तिथलं काय आपल्या गावात हवं, आणि काय अजिबात नको?

शेवटच्या प्रश्नाची दोन्ही उत्तरं लिहून घ्या. आमच्या भागातल्या एका मावशींनी सांगितलं की त्यांच्या कोप्या होत्या त्या गावात नळाला रोज पाणी यायचं, पण कोपीवाल्यांनी हंडा लावला की लोक आरडायचे. एका वाक्यात त्या गावचा विकासही आला आणि न्यायही. कोणत्या साहेबाच्या अहवालात हे एवढं सरळ येईल?

लिहिलेलं पुढे न्या. आपल्याकडे वर्षाला २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा होते, आणि त्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. २६ जानेवारीला आपल्या बाया फडात असतात. पण १ मे आणि १५ ऑगस्टला त्या बहुतेक गावात असतात. त्या दोन सभांना त्यांना पुढे बसवा. गटाच्या इतिवृत्तातलं वाचून दाखवा, आणि जे मागायचं ते ठरावात लिहून घ्यायला लावा. ठराव लिहिला गेला का, हे सभा संपायच्या आत बघा.

रमाबाई एकट्या होत्या आणि त्यांना लिहिता येत होतं, म्हणून सव्वाशेहून जास्त वर्षांनी आपण त्यांनी काय पाहिलं ते बोलू शकतो. आपल्या कित्येक बायांना लिहिता येत नाही, पण गटात लिहिणारी एक तरी असतेच. बोलणारीनं बोलावं आणि लिहिणारीनं लिहावं. यंदा टोळ्या आल्या की पहिल्या बैठकीची वही मला दाखवा. पुढच्या वेळी त्यांतलं काही, तुमची परवानगी घेऊन, इथे वाचून दाखवीन.